हवेचा कॉम्प्रेसर नुसता घुमतोय, उचलत नाही?

मोटर हूं करून ट्रिप होते म्हणून लगेच वाइंडिंगवाल्याकडे धावू नका. आधी प्लग काढा, टाकीतली हवा सोडा आणि गेज शून्यावर आल्यावर पुन्हा चालू करून बघा. रिकाम्या टाकीवर मोटर झटक्यात उचलली, तर ती बहुधा ठणठणीत आहे. दोष नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा (टाकीत गेलेली हवा मागे येऊ न देणारा) किंवा प्रेशर स्विचजवळच्या (दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा) छोट्या अनलोडरचा (मोटर थांबली की पाइपात अडकलेली हवा सोडणारा). तरीही घुमतच राहिली, तर आधी ती लांबलचक, बारीक वायरीची एक्स्टेन्शन बाजूला करा, मग मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर तपासा (हात लावण्याआधी डिस्चार्ज करून!).

आता कान द्या. कट-ऑफ झाल्यावर, म्हणजे टाकी भरून मोटर आपोआप थांबल्यावर, स्विचपाशी क्षणभर 'फुस्स' व्हायलाच हवं. झालंच नाही, तर अनलोडर अडकलाय. फुस्स थांबतच नसेल, तर टाकीतली हवा नॉन-रिटर्नमधून उलटी येतेय. टाकी रिकामी करून तो खोला. आतल्या सीटवर (झडप टेकते ती जागा) बहुतेकदा गंजाचा कण नाहीतर कार्बन चिकटलेला सापडतो. पुसून घ्या, रबर कडक झालं असेल तर बदला. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि हवा भरल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा.

टाकीतलं पाणी रोज काढायचं, पावसाळ्यात तर विसरूच नका. गंजून भोक पडलं, तर वेल्डिंग नको, एम-सीलही नको, टाकी सरळ भंगारात द्या. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तिथे बोल्ट ठोकणारे महाभागही आहेत. नवा व्हॉल्व्ह घ्या, त्याच रेटिंगचा.