पिकअप तापली की ऑईलचा दिवा लुकलुकतो, ऑईल पंप बदलू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुनी फोर बाय फोर पिकअप आहे, सकाळी सगळं ठीक असतं, पण गाडी चांगली तापली आणि कुठे उभी राहिली की आयडलला ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो, जरा रेस दिली की विझतो, आणि मेकॅनिकने काही न उघडताच "पंप गेला" म्हणून सांगून टाकलंय, तर तो घरच्या घरी बदलता येईल का. येईल, मी बदललाय. फक्त माझा जो पंप मी दोन दिवस घालवून काढला तो ठणठणीत निघाला, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी एक, दिवा लागलेला असताना गाडी पुढे दामटू नका, बाजूला घ्या आणि बंद करा. हा दिवा बहुतेक गाड्यांमध्ये प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच पेटतो, म्हणजे तो दिसेपर्यंत बेअरिंगची (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या आधारांची) ऑईलवाचून उपासमार सुरू झालेली असते. आयडलला लुकलुकणं एक वेळ समजू शकतो, पण चालत्या गाडीत रेस दिलेली असताना लागला तर तिथून टो करूनच आणायची.

आता डिपस्टिक काढा. हसू नका, अर्धी प्रकरणं इथेच संपतात. ऑईल कमी आहे का बघा, पण उलटंही बघा, म्हणजे लेव्हल आपोआप वाढलीये का आणि वास घेतल्यावर पेट्रोल किंवा डिझेलचा वास येतोय का. इंधन ऑईलमध्ये उतरत असेल तर ऑईल पाण्यासारखं पातळ होतं आणि गरम झाल्यावर प्रेशर धरतच नाही, मग पंप सोन्याचा बसवला तरी फरक पडणार नाही. शेवटच्या सर्व्हिसला कुठल्या ग्रेडचं ऑईल भरलं तेही आठवा, मॅन्युअलमध्ये जाड सांगितलेलं असताना कोणी पातळ भरलं असेल तर नेमकी हीच लक्षणं दिसतात. फिल्टरही स्वस्तातला, आतून चेपलेला निघू शकतो. शंका असेल तर योग्य ग्रेडचं ऑईल आणि चांगला फिल्टर टाकून मगच पुढची तपासणी करा.

पुढचा संशयित म्हणजे सेन्सर. तो खोटं बोलतो, आणि डॅशबोर्डवरचा काटा तर त्याहून जास्त खोटं बोलतो. फोर्डच्या बऱ्याच जुन्या एफ-१५० मध्ये तो काटा खरं प्रेशर दाखवतच नाही, खाली साधा चालू-बंद स्विच असतो आणि थोडंफार प्रेशर आलं की काटा मधोमध जाऊन बसतो. शेव्हरोलेच्या काही ५.३ लिटर व्ही-८ मध्ये सेन्सरच्या खाली एक बारीक जाळी असते, ती मळाने चोंदली की इंजिनात प्रेशर असूनही मीटर शून्याकडे जातो. म्हणून पंपाला हात लावायच्या आधी सेन्सर काढून त्या भोकात मेकॅनिकल प्रेशर गेज लावा. थेट ऑईलच्या दाबावर चालणारा, वायर नाही काही नाही. आटे सेन्सरच्या आट्यांशी जुळणारा अ‍ॅडॅप्टर लागेल, बळजबरीने काही पिळू नका, आणि गेजची नळी सायलेन्सरच्या पाईपला किंवा फॅनला लागणार नाही अशी बांधा.

गेज लावून तीन वेळचे आकडे लिहून ठेवा, थंड इंजिन आयडलला, पूर्ण गरम इंजिन आयडलला, आणि गरम असतानाच साधारण २००० आणि ३००० आरपीएमला. खरा आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला, पण जुन्या मिस्त्री लोकांचा ठोकताळा असा की गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बारच्या आसपास मिळालं तर काळजी नको. नवीन इंजिनं यापेक्षा कमीवरही चालतात, तेव्हा ठोकताळ्यापेक्षा मॅन्युअल मोठं.

आता आकड्यांपेक्षा त्यांची चाल बघा, खरी माहिती तिथे आहे. आयडलला ठीक आणि रेस वाढवली की प्रेशर पडतंय, तर चेंबरमधली (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्यातली) जाळी गाळाने चोंदलेली असायची शक्यता जास्त, कारण पंप मागतोय तेवढं ऑईल वर येत नाही. सगळ्याच आरपीएमला सारखंच कमी आणि रेस दिली तरी हलत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का बघायचं. हा व्हॉल्व्ह साधारण ४ ते ५ बारला उघडून जादाचं ऑईल परत सोडतो, एखादा कचरा त्यात अडकला की तो कायमचा उघडाच राहतो. काटा थरथरतोय, सकाळी सेल्फ मारल्यावर प्रेशर यायला वेळ लागतोय आणि तोपर्यंत वरून टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची) टकटक ऐकू येते, तर पंप ऑईलबरोबर हवा ओढतोय. आणि थंड असताना झकास, गरम झाल्यावर आयडलला कमी, रेस दिली की व्यवस्थित चढतं, ही जी तुमची केस आहे, तिथे बेअरिंगची झीज, पातळ झालेलं ऑईल किंवा झिजलेला पंप, तिन्ही शक्य आहे.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, जी मला खूप उशिरा कळली. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑईल ढकलतो, आणि पुढे ते ऑईल बेअरिंगच्या बारीक फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो त्यातून प्रेशर उभं राहतं. नळीला बागेत पाणी घालताना तोंडावर अंगठा ठेवतो तसं. अंगठा म्हणजे तुमची बेअरिंगं. आणि एवढ्याशा फटीचा हिशोब भयंकर आहे, तेवढ्याच दाबाला फट दुप्पट झाली की गळती साधारण आठपट होते, कारण ती फटीच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणून मेन आणि बिग एन्ड (क्रँकची आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची) बेअरिंगं झिजलेली असली तर नवा पंप टाकून काटा थोडासा वर सरकतो, चार दिवस बरं वाटतं, आणि मग खालून जड ठोका यायला लागतो. टॅपेटची टकटक वरून येते, हलकी असते, बेअरिंगचा ठोका खालून, खोल, आणि लोड पडला की वाढतो. तो ठोका येत असेल तर पंपाचा विषय सोडा, इंजिनचंच काम आहे.

आता माझी फजिती. माझ्या गाडीत पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग कव्हरच्या आत बसतो आणि चेंबरमधून एक नळी वर येऊन त्यात घुसते, खाली जाळी, वर ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबराची रिंग. (या नळीलाही पिकअप ट्यूबच म्हणतात, त्यामुळे पिकअपचा पिकअप असं बोलताना नेहमी गोंधळ होतो.) मी ना गेज लावला ना काही, नवा पंप आणला, फॅन, बेल्ट, पुली, कव्हर सगळं खोललं, पंप बदलला. किटमध्ये दोन ओ-रिंग आल्या होत्या, जाडी वेगवेगळी, आणि मी त्यातली जी पटकन सरकली ती लावली, बरं वाटलं की सहज बसली म्हणून. गाडी सुरू केली तर गरम झाल्यावर आधीपेक्षा वाईट, वरून टॅपेट असे वाजताहेत की शिवणयंत्र चालू आहे असं वाटावं. मग डोकं शांत करून गेज लावला तर काटा थरथरत होता, म्हणजे हवा. मग एक जुनी टेस्ट केली, ऑईल मुद्दाम लेव्हलच्या वर साधारण लिटरभर जास्त भरलं आणि गाडी नाक खाली करून उतारावर उभी केली, जेणेकरून तो सांधा ऑईलखाली जाईल आणि हवा ओढायला जागाच उरणार नाही. दोन मिनिटं आयडलला ठेवली, टकटक बंद, प्रेशर वर. ही टेस्ट फक्त उभ्या गाडीवर आणि थोडा वेळ, नंतर जादा ऑईल लगेच काढायचं, नाहीतर क्रँक ऑईलात आपटून फेस होतो आणि फेस म्हणजे परत हवाच.

पुन्हा सगळं खोललं. मूळची ओ-रिंग, जी मी पहिल्यांदा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, ती शोधून बघितली तर प्लास्टिकसारखी कडक, दाबली तर मोडली. जुना पंप उघडून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फटी मोजल्या, रोटरच्या टोकांची आणि वरून पट्टी ठेवून बाजूची, सगळं मॅन्युअलच्या मर्यादेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोष त्या रबराच्या रिंगेचा होता. जुना पंप अजून कपाटात आहे.

तरी तपासणीनंतर पंपच ठरला, किंवा तसंही खोलायचंच आहे म्हणून बदलताय, तर कामाचं ऐका. आधी मॅन्युअलमध्ये बघा तुमचा पंप कुठे आहे. चेंबरच्या आत असेल तर चेंबर उतरवायला लागेल, आणि फोर बाय फोरमध्ये पुढचा डिफरन्शियल नेमका त्याच्या खाली येतो, त्यामुळे एकतर तो सोडवून खाली घ्यायचा किंवा इंजिन माऊंट सोडून इंजिन थोडं उचलायचं. हेच काम खरा वेळ खातं, पंपाचे बोल्ट तर दहा मिनिटांचे. क्रँकच्या टोकावर असेल तर पुली काढायला पुलरच वापरा, हातोडीने ठोकू नका, आणि पुलीचा मोठा बोल्ट काही इंजिनांत एकदाच वापरायचा असतो, तसा असेल तर नवा घ्या. चेन काढावी लागणार असेल तर टायमिंगच्या खुणा आधी जुळवून फोटो काढून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, गाडी जॅकवर नाही तर पक्क्या स्टँडवर, आणि इंजिन उचललं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

चेंबर निघाला की तळ नीट बघा, ही संधी परत मिळत नाही. काळा चिकट गाळ असेल तर जाळी त्यानेच चोंदली असणार. बारीक चकचकीत कण किंवा तांब्यासारखा रंग दिसला तर ती बेअरिंगची माती आहे, तिथेच थांबा आणि निदान एक बेअरिंग कॅप उघडून बघा. जुना फिल्टर कापून त्याचा कागद पसरला तरी हेच कळतं. चेंबरचा सांधा बंद करायला लावतात त्या जुन्या सिलिकॉनचे तुकडे जाळीत अडकलेले मी स्वतः बघितलेत, कुणीतरी पूर्वी चेंबर बसवताना हात सैल सोडला असणार. म्हणून तुम्ही लावताना फक्त मॅन्युअलने सांगितलेल्या कोपऱ्यांवर बारीक धार द्या, पाघळेल एवढं नको, आणि सुकायचा वेळ डब्यावर लिहिलाय तेवढा द्या.

ओ-रिंग इंजिन नंबरप्रमाणे मागवा, रंगावरून किंवा अंदाजाने नाही, ऑईल लावून बसवा, ती थोडी घट्टच जायला हवी. नळी सरळ आत ढकलायची, बोल्टने ओढून आणायची नाही, नाहीतर रिंग कापली जाते आणि वरून काही दिसत नाही. जाळी जुनी असेल आणि नवीन मिळत असेल तर नवीनच टाका. बोल्ट टॉर्क पान्याने, पंपाची बॉडी बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमची असते, जास्त आवळलं की आटे हातात येतात.

नवा पंप कोरडा बसवू नका. कोरडे गिअर ऑईल वर ओढू शकत नाहीत, म्हणून त्यात ऑईल ओता आणि हाताने फिरवा, किंवा गिअरच्या जागेत पेट्रोलियम जेली भरा, ती गरम ऑईलात विरघळून जाते. ग्रीस मात्र बिलकुल नको. फिल्टर उभा बसत असेल तर तोही ऑईलने भरून लावा. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारत राहा, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या, गेजवर प्रेशर चढलेलं दिसेपर्यंत. ते दिसल्यावरच फ्यूज लावून इंजिन सुरू करा. सुरू केल्यावर दहाएक सेकंदात काटा उठला नाही तर लगेच बंद, "येईल थोड्या वेळात" म्हणत बसू नका.

डिझेल टर्बो असेल तर अजून काळजी, टर्बोचं बेअरिंगही याच ऑईलवर जगतं, त्यामुळे प्रेशर आल्यावरही दोन मिनिटं नुसतं आयडलला ठेवा, रेस देऊ नका.

नंतर चांगली चक्कर मारून, पूर्ण तापवून, तेच तीन आकडे परत घ्या, आणि गेज काढून सेन्सर लावायच्या आधी चेंबरच्या कडा आणि पुढचं सील कोरडं आहे ना बघून घ्या. पाचेकशे किलोमीटरनंतर ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदला, खोललेल्या इंजिनातला बारीकसारीक कचरा त्यात येतो. तुमचे आधीचे आकडे लिहा, इंजिन कोणतं तेही, मग जाळी, ओ-रिंग की पंप ते बघू.