चिनी राष्ट्रभाषेचे उच्चार खरंच मतदानाने ठरवले होते का?

हो, खरंच मतं घेऊन ठरवले होते, पण ते टिकले नाहीत. १९१३ मध्ये बीजिंगला त्यासाठी परिषद भरली, प्रत्येक प्रांताला एक मत, आणि असं करत साडेसहा हजार अक्षरांचे उच्चार ठरले. पण उत्तर-दक्षिण सगळ्यांना सांभाळायचं म्हणून त्यात बीजिंगच्या बोलीत नसलेला एक जुना सूरसुद्धा (चिनीत शब्द कोणत्या सुरात उच्चारला यावर त्याचा अर्थ ठरतो) घेतला, म्हणजे कुणाच्याच घरात न बोलली जाणारी भाषा तयार झाली, मग ती मुलांना शिकवणार कोण? शेवटी १९३२ मध्ये सरळ बीजिंगचेच उच्चार प्रमाण धरले, आजची पुतोंगह्वा, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, त्याच पायावर उभी आहे. मात्र हे उच्चारापुरतंच हं, बीजिंगच्या गल्लीतली अख्खी बोली काही प्रमाण मानत नाहीत.