भिंतीच्या जागी माणूस

अग्निसुरक्षेविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. उत्तरं देणारे गृहस्थ लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीत अग्निसुरक्षा अधिकारी होते, आता रत्नागिरीत राहतात.

प्रश्न : माझी मुलगी न्यूयॉर्कजवळ राहते. तिथे हडसन नदीकाठी इंडियन पॉइंट नावाचा अणुऊर्जा प्रकल्प होता, आता तो बंद झालाय. त्याला आगीच्या नियमातून सूट मिळाली होती. जिथे एक तास आग थोपवायला हवी तिथे चोवीस मिनिटं पुरे, असं ठरलं होतं, हे तिच्याकडून ऐकलं. अणुऊर्जेसारख्या गोष्टीत नियमाला सूट, ही काय भानगड आहे? उद्या इथे माडबनला जैतापूरचा अणुप्रकल्प उभा राहिला तर आमच्या वाट्याला किती मिनिटं येणार?
– निवृत्त शिक्षिका, राजापूर

बाई, मुलीची माहिती बरोबर आहे. पण सूट कळायची तर नियम कुठून आला ते आधी बघायला हवं, आणि तो एका मेणबत्तीतून आला.

२२ मार्च १९७५. अमेरिकेत अलाबामा राज्यातला ब्राउन्स फेरी प्रकल्प. नियंत्रण कक्षाच्या खालच्या खोलीतून केबलींचे जुडगे भिंतीतून पलीकडे अणुभट्टीच्या इमारतीत जात होते. भिंतीतल्या भोकांतून हवा गळते का, हे कामगार पेटती मेणबत्ती धरून तपासत होते. ज्योत वाकली की गळती आहे, असा हिशोब. भोकात भरलेला फोम ज्वालाग्राही होता. ज्योत हवेबरोबर आत ओढली गेली आणि फोम पेटला. पलीकडच्या बाजूला सोळाशेच्या वर केबली जळाल्या. पहिल्या अणुभट्टीची आणीबाणीची थंड करणारी यंत्रणा हातातून गेली आणि कर्मचाऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी असलेले पंप वापरून वेळ मारून नेली. विजेच्या केबलींवर पाणी मारायचं की नाही, या घोळात तास गेले. शेवटी पाणी मारलं तेव्हा आग थोड्याच वेळात विझली. एकूण सात तास गेले. गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख पाणी मारा असं केव्हापासून सांगत होता. आमच्या धंद्यात हा प्रसंग ऐकून कुणालाच आश्चर्य वाटत नाही.

तिथे खरं दुखणं केबलींच्या वाटेत होतं. एक यंत्रणा बिघडली तर दुसरी चालावी म्हणून सगळं दुहेरी ठेवलेलं, पण दोघींच्या केबली शेजारशेजारच्या ट्रेमधून गेलेल्या. आगीला दोन्ही एकदमच सापडल्या.

त्यानंतर १९८० मध्ये नियम आला. अणुभट्टी बंद करून थंड ठेवायला लागणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक तरी आगीतून वाचली पाहिजे आणि त्यासाठी तीनपैकी एक सोय हवी. दोघींमध्ये तीन तास टिकणारी आडभिंत, किंवा वीस फुटांचं अंतर आणि त्या अंतरात जळण्यासारखं काही नाही, किंवा एक तास टिकणारं आवरण. शेवटच्या दोन पर्यायांत आग ओळखणारी आणि आपोआप विझवणारी यंत्रणाही हवीच.

नियम चांगला, फक्त उशिरा आला. तो लागू झाला १९७९ च्या आधी परवाना मिळालेल्या अणुभट्ट्यांना, म्हणजे ज्यांच्या भिंती ओतून, केबली ओढून झाल्या होत्या त्यांना. काँक्रीटच्या बोळात वीस फूट आणायचे कुठून? मग सूट मागायचे अर्ज सुरू झाले आणि वर्षानुवर्षं शेकड्यांनी सवलती दिल्या गेल्या. कायद्यात तशी वाट आहे. लोकांच्या जिवाला अवाजवी धोका होता कामा नये आणि काही खास कारण हवं. उदाहरणार्थ, त्या जागी नियम शब्दशः पाळल्याने त्याचा मूळ हेतू साधत नाही, किंवा खर्च नियम करताना धरला होता त्याच्या फार पलीकडे जातो. एका खोलीत जळण्यासारखं काही नसेल, वर धूर ओळखणारी यंत्रणा असेल, तर तिथे तीन तासांच्या भिंतीचा आग्रह मीही धरणार नाही. म्हणून सूट दिली हे ऐकल्याबरोबर मी आरडाओरडा करत नाही. भिंतीऐवजी काय दिलंत, एवढंच विचारतो.

तिथे गोची आहे. पुष्कळदा भिंतीच्या जागी माणूस उभा केला जातो. त्याचे दोन प्रकार. एक म्हणजे गस्त. नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत थर्मो-लॅग नावाचं केबलींवरचं आवरण चाचण्यांत नापास झालं. कितीतरी अणुभट्ट्यांत ते बसवलेलं होतं. ते बदलेपर्यंत काय, तर दर तासाला माणसाने तिथून फेरी मारायची. काही ठिकाणी ही तात्पुरती गस्त वर्षानुवर्षं चालली. दुसरा प्रकार जास्त नाजूक आहे. केबल जळालीच, तर कर्मचारी धावत जाऊन अमुक झडप हाताने उघडेल, असं कागदावर लिहायचं. धुरातून, अंधारातून, दोन जिने उतरून.

गस्तीचं मला विचारा. लोट्याला एका कारखान्यात (नाव नको) केबली जातात त्या भिंतीतलं भोक बुजवणारं सील उखडलं होतं आणि दुरुस्तीपर्यंत तासाला एक फेरी ठरली होती. मी एकदा संध्याकाळी रजिस्टर उघडलं तर पहाटे पाचपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. ज्याने केल्या तो कामचुकार नव्हता. त्याच्याकडे बॉयलरचंही काम दिलं होतं, दोन्हीकडे तो असणार कसा? पुढे सील भरलं, तर महिन्याभरात कंत्राटदाराच्या पोरांनी नवी केबल ओढायला त्यातच भोक पाडलं, कॉटन वेस्ट कोंबलं आणि वरून रंग मारून टाकला. लांबून भिंत एकदम झकास दिसायची.

आता तुमची चोवीस मिनिटं. इंडियन पॉइंटच्या तिसऱ्या अणुभट्टीत हेमिक नावाचं आवरण होतं, एक तासाचं म्हणून बसवलेलं. २००५ च्या चाचण्यांत ते तासभर टिकेना. २००७ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने सूट देऊन ठरावीक जागी कमी मिनिटं मान्य केली. त्यात चोवीस हा आकडा होता. इथे एक तपशील लक्षात ठेवा. ही मिनिटं भट्टीतली असतात. प्रयोगशाळेतल्या भट्टीचं तापमान ठरलेल्या वेगाने चढवतात, तासाअखेर ते सव्वानऊशे अंश सेल्सियसच्या आसपास जातं. आयोगाचं म्हणणं, त्या बोळात जळण्यासारखं इतकं थोडं आहे की एवढी मोठी आग तिथे लागणारच नाही. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण बोळात आज काही नाही याचा अर्थ दुरुस्तीच्या दिवसांत तिथे तेलाचा डबा आणि लाकडी फळ्या येणार नाहीत असा होत नाही, आणि सूट मात्र बाराही महिने चालू राहते.

न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेतले सदस्य रिचर्ड ब्रॉडस्की ही सूट देण्याविरुद्ध कोर्टात गेले. जानेवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तांत्रिक बाबतीत आयोगाचं चुकलं असं म्हटलं नाही. मात्र सूट देण्याआधी लोकांना बोलायची संधी का दिली नाही, याचं कारण सांगा किंवा ती संधी द्या, असं बजावलं. मला या खटल्यातलं सगळ्यात मोलाचं ते हेच वाटतं. त्या प्रकल्पाची शेवटची अणुभट्टी एप्रिल २०२१ मध्ये बंद झाली.

राहिलं माडबन. तिथे ठरलेल्या सहा अणुभट्ट्या फ्रेंच बनावटीच्या, ईपीआर जातीच्या आहेत, प्रत्येकी १७३० मेगावॅट. या आराखड्यात सुरक्षेच्या यंत्रणा चार आणि चौघींना वेगवेगळ्या इमारती. म्हणजे शेजारशेजारच्या ट्रेचा ब्राउन्स फेरीतला घोटाळा कागदावर तरी सुरुवातीलाच मिटतो. जुन्या घराला नंतर जिना काढण्यासारखं ते नाही. पण टर्बाइनच्या इमारतीत तेल, हायड्रोजन आणि केबली एका छपराखाली येतातच. फ्रान्सच्या फ्लामाँव्हिलला, जिथे पुढे २०२४ मध्ये ईपीआरची वीज सुरू झाली, त्याच आवारातल्या जुन्या पहिल्या अणुभट्टीच्या टर्बाइन इमारतीत फेब्रुवारी २०१७ मध्ये स्फोट होऊन आग लागली होती. अणुभट्टीच्या भागाला काही झालं नाही, ती बंद केली गेली.

आपल्याकडे नियामक म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबईला अणुशक्तिनगरात. अणुप्रकल्पांच्या अग्निसुरक्षेसाठी त्यांचं स्वतंत्र मानक आहे. परवानग्या टप्प्याटप्प्याने मिळतात, जागा, बांधकाम, चालू करणं, चालवणं. मंडळाच्या स्वायत्ततेवर कॅगने २०१२ च्या अहवालात बोट ठेवलं होतं, तेव्हा राजापुरातल्या माणसाने प्रश्न विचारला तर कुणी त्याला अडाणी म्हणू नये. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘प्रकल्प सुरक्षित आहे का’ असं मात्र विचारू नका, ‘हो’ असं एका शब्दात उत्तर येईल. बांधकामाच्या परवानगीची वेळ आली की विचारा : अग्निसुरक्षा मानकापासून कुठे फारकत मान्य केली, तिथे त्याऐवजी काय धरलं, ते किती काळासाठी, आणि त्यात माणसाने हाताने करायची कामं कोणती. सुरक्षेचं कारण देऊन कलम ८ खाली नकार आला तर कलम १० दाखवा, गोपनीय भाग झाकून बाकीचा द्यावा लागतो. साखरी नाट्यापासून मिठगवाण्यापर्यंत प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोघांनीही हा अर्ज करायला हरकत नाही.

प्रश्न : अणुप्रकल्पात आग लागली तर अणुबॉम्बसारखा स्फोट होईल का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी

नाही. बॉम्बचं इंधन वेगळं, रचना वेगळी. आगीचं भय दुसरंच आहे. अणुभट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं. बंद केल्याक्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता उरते. ईपीआरची उष्णता साधारण साडेचार हजार मेगावॅट धरली तर हे तीनशेच्या आसपास झालं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या टक्क्यावर येतं, पण तेही वीसेक मेगावॅट. तेवढी उष्णता काढायला पाणी फिरलं पाहिजे. पाण्याला पंप, पंपाला वीज, विजेला केबल. म्हणून वरचं सगळं केबलपुराण.

प्रश्न : भारतात असं कधी घडलंय का? की हे फक्त अमेरिकेचं?
– एक मच्छीमार, जैतापूर

घडलंय, दादा, आणि नियम शिकवताना जगभर सांगितलं जातं. उत्तर प्रदेशात गंगेकाठी नरोरा. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनचा सुमार. पहिल्या अणुभट्टीच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, सगळं धूड हादरलं, जनरेटरचा हायड्रोजन सुटला, पेटला, मग तेल पेटलं आणि आग केबलींवर गेली. वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांच्या केबली पुरेशा अलग नव्हत्या. सगळी वीज गेली, ती सतरा तास. नियंत्रण कक्षात धूर शिरला, माणसांना बाहेर पडावं लागलं.

कर्मचाऱ्यांनी अणुभट्टी मिनिटाच्या आत बंद केली होती. पुढे काही जण बॅटरीच्या उजेडात वर चढले आणि हाताने झडपा उघडून बोरॉनचं द्रावण अणुभट्टीत सोडलं, ती पुन्हा जागी होऊ नये म्हणून. इंधनाची उष्णता काढायला आग विझवायचे डिझेल पंप लावून बाष्पजनित्रांत पाणी ढकललं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली.

या लोकांपुढे मी टोपी काढतो. पण नरोऱ्याचं उदाहरण देऊन ‘आमची माणसं सांभाळून घेतील’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या रात्री डिझेल पंप होते म्हणून ती माणसं काहीतरी करू शकली, आणि ते पंप विजेवर अवलंबून नव्हते. दर्यात इंजिन बंद पडलं तर तुम्ही वल्ही मारून परत याल, पण म्हणून मालकाने इंजिनाची दुरुस्ती टाळली तर चालेल का तुम्हाला?

प्रश्न : मालवणात माझं छोटं लॉज आहे. जिन्याचं अग्निरोधक दार सतत बंद ठेवायचं म्हणजे पाहुण्यांना त्रास, वारा नाही, सामान नेताना धक्के. अमेरिकेत अणुप्रकल्पाला सूट मिळते, मग माका पण सूट गावतली काय?
– लॉजमालक, मालवण

सूट नाही गावतली! तुम्ही सध्या दाराला चिरा लावून ठेवत असणार, हे मी इथे बसून सांगतो. तो चिरा आज काढा. रात्री खालच्या स्वयंपाकघरातून धूर निघाला तर जिना हेच धुरांडं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या पर्यटकाला त्या घरात दुसरी वाट माहीत नसते.

पण तुमची अडचण खरी आहे आणि तिला रीतसर उपाय आहे. दार उघडं धरणारं चुंबक मिळतं, ते फायर अलार्मला जोडायचं. अलार्म वाजला किंवा वीज गेली की चुंबक सुटतं आणि दार आपोआप मिटतं. कुणी धावत यायची गरज नाही. लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच बसवा. आपल्या खाऱ्या हवेत बिजागऱ्या आणि दार मिटवणारा क्लोजर गंजतो, तेव्हा स्टेनलेसचं मागा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. बरेच जण एजन्सीकडून ते व्हॉट्सअॅपवर मागवतात. तुम्ही एजन्सीच्या माणसाला जिन्यापाशी उभं करा, अलार्म वाजवायला सांगा आणि दार पूर्ण मिटून कडी बसते का ते बघा. जुलैत लाकूड फुगून दार चौकटीला अडकतं, म्हणून त्या खेपेला ते रंधून घ्यावं लागेल. सुताराला आधीच सांगून ठेवा.