बेस गिटारवर गाणी बसवायला कोणतं ॲप किंवा साधन वापरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे कोल्हापूरचेच, नवी चार तारांची बेस घेतलीय, शिकवणारं जवळपास कुणी मिळालेलं नाही. हातात फोन, घरात जुना लॅपटॉप. मित्रांच्या ऑर्केस्ट्रात गणपतीच्या कार्यक्रमांना वाजवायचंय. तर कोणतं ॲप घ्यावं, आणि रॉकस्मिथ (गिटार शिकवणारा व्हिडिओ गेम) विकत घ्यावा का?

मी इथेच ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, जुनी हिंदी-मराठी गाणी जास्त. तुम्ही ॲपचं विचारलंत, पण पहिला खर्च हेडफोनवर करा. कान पूर्ण झाकणारा आणि वायरचा. बेसवर गाणं अडतं ते बोटांमुळे कमी आणि मुळात बेस नीट ऐकूच न आल्यामुळे जास्त. सगळ्यात जाड ई तारेचा मोकळा सूर, म्हणजे कुठेही बोट न दाबता येणारा, साधारण ४१ हर्ट्झचा, मग ए ५५, डी ७३, जी ९८. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून एवढं खालचं काही बाहेरच पडत नाही. त्या सुराचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या पटीतले बारीक सूर, तेवढे येतात आणि मेंदू त्यावरून खालचा सूर मनानेच जुळवून घेतो. त्यामुळे बेस वाजतोय हे कळतं, नेमकं काय वाजतंय ते कळत नाही, आणि मग माणूस गायकाच्या सुरावरून अंदाजपंचे वाजवायला लागतो.

ब्लूटूथ हेडफोन गाणं ऐकण्यापुरता चालेल. पण बेसचा आवाजही त्यातूनच घेणार असाल तर नको, सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त उशीर सहज होतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन सोळांश नोटांमधलं (एका ठोक्यात चार) अंतरच ०.१२५ सेकंद असतं. म्हणजे बोट इथं आणि आवाज पुढच्या नोटेवर. गिटारच्या जॅकमध्ये थेट बसणारा छोटा हेडफोन ॲम्प मिळतो, तो बरा. पेठेत राहत असाल तर तो लागेलच. भिंतीला भिंत असलेल्या घरात बेसचा आवाज शेजारी आपल्यापेक्षा आधी पोचतो.

आता ॲप. फोनवर मोईझेस टाका. गाणं चढवलं की गायन, ड्रम, बेस आणि उरलेलं असं वेगवेगळं करून देतं. फुकटात मर्यादा आहेत, पण सुरुवातीला पुरतं. लॅपटॉपवर त्याच कामाला अल्टिमेट व्होकल रिमूव्हर पूर्ण फुकट आहे. त्यात मेटाच्या संशोधकांनी बनवलेलं डिमक्स चालतं आणि वेगळं करण्याची प्रत चांगली येते. जुन्या लॅपटॉपवर एका गाण्याला बराच वेळ खातं, लावून जेवायला बसा.

यात एक गोम आहे. इंग्रजी रॉक गाण्यात बेस स्वच्छ सुटून येतो, कारण खालच्या पट्ट्यात बेस आणि बास ड्रम एवढीच गर्दी. आपल्या जुन्या गाण्यांत तिथे तबल्याचा डग्गाही असतो. डग्ग्याची मींड, तो घुमारा वर चढत जातो ना, तो बऱ्याचदा बेसच्या ट्रॅकमध्ये येऊन बसतो. ऐकताना वाटतं बेसवाल्याने काय सुंदर स्लाइड घेतलीय! ती तशीच उचलू नका. शंका आली की ड्रमचा ट्रॅक जोडून ऐका. तबल्याच्या बोलाबरोबर तंतोतंत येणारी आणि गाण्याच्या कॉर्डशी काही देणंघेणं नसलेली मींड डग्ग्याचीच असते.

बेसचा ट्रॅक वेगळा झाला तरी सूर ओळखता येत नसेल तर तो एक सप्तक वर उचला. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, ट्रॅक निवडा, इफेक्टमध्ये चेंज पिच, १२ सेमिटोन वर. ४१ चा सूर ८२ वर जातो, म्हणजे साध्या गिटारच्या जाड तारेवर. जो तुकडा कितीही ऐकला तरी चिखलासारखा वाटत होता, तो एकदम बोलायला लागतो. सगळ्या साधनांत माझ्या मते हीच गोष्ट सर्वात उपयोगाची आणि सर्वात कमी लोक वापरतात.

लय कमी करायला त्याच ऑडॅसिटीत चेंज टेम्पो आहे. चेंज स्पीड घेऊ नका, त्याने सूरही खाली येतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्येही वेग कमी करता येतो आणि सूर तसाच राहतो. ७५ टक्क्यांपर्यंत ठीक. निम्म्यावर आणलं की नोटेची सुरुवात फुटते आणि बोट नेमकं कधी पडलं तेच कळत नाही.

तुकडा फिरवत ठेवायचा असेल तर लूप कुठे तोडता यावर सगळं आहे. समेपासून सुरू करून पुढच्या समेच्या ऐन आधी तोडायचा. जरा पुढेमागे तुटला तर दर आवर्तनाला एक उचकी लागते आणि हात ती उचकीही पाठ करतो. मग कार्यक्रमात त्याच जागी अडखळायला होतं. मी दोन आवर्तनं घेतो, एक नाही. मुखड्यातून पहिल्या म्युझिकमध्ये जातानाची बेसची चाल अशा सांध्यावरच असते, एका आवर्तनाच्या लूपमध्ये ती कापली जाते.

जुनी रेकॉर्डिंग्ज कधीकधी आपल्या ट्यूनरशी जुळत नाहीत, अर्ध्या सुराच्याही मधेच कुठेतरी असतात. टेपचा वेग इकडेतिकडे झालेला असतो. त्यासाठी तारा पिळत बसू नका, गाण्याचा पिच थोडा सरकवून ट्यूनरवर आणा.

टॅब, म्हणजे कोणत्या तारेवर कितवा फ्रेट ते आकड्यांत लिहिलेलं? साँगस्टर आणि अल्टिमेट गिटारवर इंग्रजी गाण्यांचे बेस टॅब भरपूर आहेत. मराठीचे जवळजवळ नाहीत, हिंदीचे असले तरी बरेच चुकीचे. रॉकस्मिथ खेळायला मजा येते, खरी बेस जोडून खेळता येतं, आणि तुम्हाला इंग्रजी रॉक वाजवायचा असता तर घ्या म्हटलं असतं. गणपतीच्या स्टेजवर समोर पडदा नसतो भावा. पैसे हेडफोन आणि तारांना ठेवा.

ऑर्केस्ट्रात जायचं म्हणताय तर एक गोष्ट आत्तापासून करा. मोकळ्या तारांवर गाणं बसवू नका. समजा गाणं पांढरी सहामध्ये, म्हणजे ए मध्ये आहे. ए ची मोकळी तार धरून तुम्ही झकास बसवलंत. तालमीला गायिका म्हणाली, माझी पट्टी काळी चार. म्हणजे जी शार्प, अर्धा सूर खाली, आणि तुमची मोकळी तार गेली. तेच गाणं ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरून बसवलं असेल तर हात एक फ्रेट मागे घ्यायचा, बाकी बोटांचा आकार तोच. बेसच्या चारही तारा एकमेकींपासून सारख्याच अंतरावर, मध्यमावर लावलेल्या असतात, म्हणून हे जमतं. मोईझेसमध्ये पट्टी बदलता येते. बसलेलं गाणं घरीच दोन-तीन पट्ट्यांत वाजवून बघा.

मेट्रोनोमऐवजी मी तबल्याचं ॲप लावतो, केरवा नाहीतर दादरा. आठ किंवा सहा मात्रांच्या ठेक्यात बेसची नोट डग्ग्याबरोबर पडतेय की पुढे पळतेय ते लगेच कळतं. टिकटिकीवर तसं कळायला वेळ जातो. शेवटी बेसचा ट्रॅक बंद करून उरलेल्या गाण्याबरोबर वाजवा, आणि मधेच काही वेळ ड्रमही बंद करा. लय आपली आपण धरून ठेवता आली पाहिजे.

पहिल्या तालमीआधी मित्रांकडून गाण्यांची यादी मागवाल तेव्हा प्रत्येक गाण्यापुढे कोण गाणार आणि पट्टी कोणती हे लिहूनच घ्या. कीबोर्डवाल्यालाही विचारून ठेवा, डाव्या हाताने बेस तो वाजवणार का. बऱ्याच ठिकाणी त्याला सवय असते, आणि दोघांनी एकाच वेळी खालचे सूर धरले की साऊंडवाला तुमचाच फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली ओढतो.