वाचकांचे प्रश्न : प्रश्नावली पुरेल का?

प्रश्न : मी एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो आणि माहिती प्रणाली या विषयात पीएच.डी. करतो आहे. नवी कर्जप्रणाली येऊनही कर्मचारी जुनी वही का सोडत नाहीत, हे शोधण्यासाठी सर्वेक्षण पुरेल का?

उत्तर : माहिती प्रणालींचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजपट्ट्यांत (संगणक प्रणालीविषयी वापरकर्त्यांचे मत मोजणाऱ्या विधानसंचांत) ‘उपयुक्त वाटणे’ आणि ‘वापरायला सोपे वाटणे’ यांसाठी प्रत्येकी सहा विधाने असून ती एकूण १५२ वापरकर्त्यांच्या दोन अभ्यासांतून तपासलेली आहेत, त्यामुळे स्वतः प्रश्न रचण्यापेक्षा त्यांचे मराठी रूपांतर करून, तिऱ्हाइताकडून ते पुन्हा इंग्रजीत आणवून पडताळावे. मात्र तुमचा प्रश्न ‘का’ असा आहे, आणि ‘सहमत’वर केलेली खूण त्याचे उत्तर देत नाही. त्यासाठी आधी काही दिवस काउंटरमागे बसावे आणि वहीत अशी कोणती नोंद होते, जिच्यासाठी पडद्यावर रकानाच नाही (कर्जदाराला तोंडी दिलेली मुदत, उदाहरणार्थ), हे टिपावे. मुलाखती नंतर, प्रश्नावली सर्वांत शेवटी. शिवाय प्रणाली तुमच्याच विभागाची असल्याने कर्मचारी तुम्हाला रुचेल तेच सांगतील (हे स्वाभाविकच), म्हणून मुलाखती बाहेरच्या व्यक्तीने घेतलेल्या बऱ्या.