पाच वर्षांत दोन पदव्या : भौतिकशास्त्र घ्यावे की मटेरियल सायन्स?

प्रश्न : माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत शिकतो. त्याला भौतिकशास्त्राची मनापासून आवड आहे. परंतु नुसते भौतिकशास्त्र शिकून पुढे काय करणार, असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतात आणि त्यापेक्षा मटेरियल सायन्स (धातू, अर्धवाहक अशा पदार्थांची रचना आणि गुणधर्म यांचा अभ्यास) घ्यावे, असे सुचवतात. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र देणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेतल्यास एक वर्ष वाचते, असेही ऐकले आहे. यात तथ्य किती?
— एक पालक, सांगली

उत्तर : आधी वर्षाचा हिशेब पाहू, कारण जाहिरातींमुळे सर्वाधिक गैरसमज तिथेच झालेला आहे. आपल्याकडे बीएस्सीची तीन आणि एमएस्सीची दोन मिळून पाचच वर्षे होतात आणि आयसरच्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या) बीएस-एमएस अभ्यासक्रमालाही पाचच वर्षे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेऊन एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळवली, तरी बेरीज तीच राहते. वर्ष खऱ्या अर्थाने वाचते ते अभियांत्रिकीत. तेथे बीटेकची चार आणि एमटेकची दोन अशी सहा वर्षे एरवी लागतात, तर काही आयआयटींमधील दुहेरी पदवी पाच वर्षांत पूर्ण होते. विज्ञान शाखेतील एकत्रित अभ्यासक्रम केवळ वेळ वाचवण्यासाठी घ्यायचा असेल, तर तो घेण्याचे कारणच उरत नाही.

तरीही हा अभ्यासक्रम मी सुचवतो आणि त्याची कारणे वेगळी आहेत. मध्येच पुन्हा प्रवेशपरीक्षेची तयारी करावी लागत नाही, ही सोय झाली. त्याहून महत्त्वाचे असे की, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षी जेमतेम ओळख झालेली क्वांटम मेकॅनिक्स एमएस्सीच्या पहिल्या वर्षी नव्या विद्यापीठात पुन्हा श्रीगणेशापासून शिकण्याची वेळ येत नाही. परंतु माझ्या मते या अभ्यासक्रमाचे खरे मोल पाचव्या वर्षात आहे. आयसरमध्ये पहिली दोन वर्षे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे सर्व विषय शिकवले जातात, पुढची दोन वर्षे निवडलेल्या विषयांची असतात आणि पाचवे वर्ष प्रामुख्याने संशोधन प्रकल्पासाठी राखलेले असते. अनेक विद्यापीठांतील एमएस्सीमध्ये हाच प्रकल्प शेवटच्या सत्रात, लेखी परीक्षांच्या धामधुमीत उरकला जातो. ज्याने वर्षभर एखाद्या प्रयोगशाळेत उपकरण जुळवले, ते बिघडल्यावर दुरुस्त केले आणि आपला प्रबंध लिहिला, त्याच्याविषयी मार्गदर्शकाला शिफारसपत्रात खरोखर काही लिहिता येते. पीएचडीच्या निवडीत अशा पत्राला मोठे वजन असते.

महाराष्ट्रात यासाठी दोन ठिकाणे प्रथम डोळ्यांसमोर येतात. पुण्यात पाषाण येथे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी असलेली आयसर 2006 मध्ये सुरू झाली. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्र मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून 2007 मध्ये स्थापन केले. या केंद्रात आणि भुवनेश्वरच्या नायसर या संस्थेत ‘नेस्ट’ या परीक्षेतून प्रवेश मिळतो. देशातील सातही आयसरसाठी ‘आयएटी’ ही परीक्षा असते. तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या विषयांचे प्रत्येकी 15 असे 60 प्रश्न असतात. आपल्या मुलाने जीवशास्त्र सोडले असल्यास तो पंधरा प्रश्नांना घाबरेल. तरीही त्याने अर्ज अवश्य करावा, कारण गणित आणि भौतिकशास्त्र पक्के असलेले विद्यार्थी हा फरक भरून काढू शकतात. एमएचटी-सीईटीचे गुण मात्र या संस्थांत चालत नाहीत आणि हे ठाऊक नसल्यामुळे ग्रामीण भागातील चांगले विद्यार्थी अर्जाची मुदतच चुकवतात.

आता आपल्या घरातील वादाविषयी. भौतिकशास्त्र आणि मटेरियल सायन्स हे दोन विरुद्ध दिशांचे रस्ते आहेत, ही समजूत सोडून द्यावी. स्फटिकांची रचना, एक्स-रे विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, अर्धवाहकांतील ऊर्जापट्टे हे सारे दोन्हीकडे शिकवले जाते. फरक प्रश्न विचारण्याच्या रीतीत असतो. आपल्या जवळच्या कोल्हापूरचा फाउंड्री उद्योग प्रसिद्ध आहेच, म्हणून धातूचेच उदाहरण घेऊ. कार्बनचे प्रमाण अगदी सारखे असलेले पोलादाचे दोन तुकडे लालबुंद तापवून एक पाण्यात विझवला आणि दुसरा भट्टीतच सावकाश थंड होऊ दिला, तर पहिला कठीण पण ठिसूळ होतो आणि दुसरा मऊ राहतो. पहिल्यात मार्टेन्साइट, म्हणजे कार्बन आत अडकून राहिलेली कठीण रचना, तयार होते, कारण कार्बनच्या अणूंना बाहेर सरकायला अवधीच मिळत नाही. दुसऱ्यात तो अवधी मिळाल्यामुळे पर्लाइटचे, म्हणजे मऊ लोह आणि कठीण लोह-कार्बाइड यांचे एकाआड एक, थर तयार होतात. स्फटिकाची रचना नेमक्या त्या तापमानाला का बदलते, अणूंमधील बंध आणि ऊर्जा यांचा हिशेब कसा मांडावा, याकडे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ओढला जातो. हव्या त्या गिअरसाठी कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ कसा साधावा, त्यासाठी किती वेगाने थंड करावे आणि पुन्हा किती तापवावे, हे मटेरियल सायन्सवाला ठरवतो. आपला मुलगा यांपैकी कोणत्या प्रश्नात रमतो, हे घरातील इतर कोणाहीपेक्षा त्यालाच अधिक चांगले सांगता येईल.

बारावीनंतर लगेच ठरवता येत नसेल, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील चार वर्षांची संशोधनाधिष्ठित बीएस पदवी मला विशेष पसंत आहे. 2011 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमात पहिली सत्रे सर्वांना सामाईक असतात आणि त्यानंतर प्रमुख विषय म्हणून भौतिकशास्त्रही घेता येते, मटेरियल्सही घेता येते. आणखी एक वर्ष थांबल्यास पदव्युत्तर पदवीही मिळते. जागा अर्थातच थोड्या आहेत. अभियांत्रिकीच्या अंगाने जायचे असल्यास आयआयटी मुंबई, नागपूरची व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी येथे धातुशास्त्र व मटेरियल्सचे विभाग आहेत. त्यांपैकी आयआयटीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते.

प्रश्न : मी जिल्ह्याच्या ठिकाणी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षांचे अभ्यासक्रम असतात हेच मला आता कळले. माझी संधी गेली का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नाही. आयआयटींमधील दोन वर्षांच्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही परीक्षा दर वर्षी फेब्रुवारीत होते आणि भौतिकशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. भारतीय विज्ञान संस्थेत बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीला प्रवेश घेता येतो. त्यात एमएससारखी पदवी वाटेतच मिळते आणि विद्यावेतनही असते. शिकत असताना पैशांची चणचण असलेल्या विद्यार्थ्यांना मी हाच मार्ग आधी सांगतो. तुमचा ओढा मटेरियल्सकडे असेल, तर एमएस्सीनंतर ‘गेट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एमटेकला जाता येते. भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेखेरीज ‘एक्सई’ (अभियांत्रिकी विज्ञान) या प्रश्नपत्रिकेत मटेरियल सायन्सचा विभागही निवडता येतो. या दोन वर्षांत घन अवस्थेचे भौतिकशास्त्र आणि उष्मागतिकी हे दोन विषय नोट्सवर न विसंबता मूळ पाठ्यपुस्तकांतून करा, कारण दोन्ही वाटांवर त्यांचीच गरज पडणार आहे.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे विद्यापीठ ‘चार अधिक एक’ पद्धतीने मटेरियल सायन्सची एमएस पदवी देऊ करते. घ्यावी का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तेथे वर्ष खरोखर वाचते. साधारणपणे पदवीला 120 आणि एमएसला 30 श्रेयांक (क्रेडिट) लागतात. या पद्धतीत चौथ्या वर्षी घेतलेल्या पदव्युत्तर पातळीच्या काही विषयांचे श्रेयांक दोन्ही पदव्यांत मोजले जातात आणि त्यामुळे दीड-दोन वर्षांचे काम एका वर्षात होते. सेमीकंडक्टर किंवा बॅटरीच्या उद्योगात नोकरी करायची असेल, तर भौतिकशास्त्राच्या पदवीला या एमएसची चांगली जोड मिळेल. पीएचडीच करायची असेल, तर मात्र मी सावध राहीन. अमेरिकेत पीएचडीसाठी आधी एमएस असावी लागत नाही, विज्ञानातील पीएचडीला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते आणि एमएसचे पैसे बहुतेक वेळा घरूनच भरावे लागतात. ती अमेरिकेची नागरिक असून तिला पेल अनुदान (गरजू पदवी विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारी मदत) मिळत असेल, तर बॅचलर पदवी मिळताच ते थांबते, हेही लक्षात घ्यावे. विभागाला तिने लेखी विचारावे की, बॅचलर पदवी चौथ्या वर्षाअखेर हाती पडते की दोन्ही पदव्या शेवटी एकदम मिळतात, आणि एमएसमध्ये प्रबंध आहे की केवळ विषयांच्या परीक्षा. प्रबंध नसेल आणि तिला संशोधनात रस असेल, तर ते वर्ष आणि ते पैसे दोन्ही राखून ठेवावेत आणि चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पीएचडीसाठी अर्ज करावेत.