जपानमध्ये मास्टर्स करताना लॅबमधलं रोजचं आयुष्य कसं असतं?

दोन वर्षं तिथल्या लॅबमध्ये काढली, त्यावरून सांगतो. तासिका थोड्याच असतात, खरं घर म्हणजे लॅब. दाराजवळच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावाचं चुंबक असतं: ‘आहे’, ‘जेवायला’, ‘घरी गेला’. संध्याकाळी ते ‘घरी’कडे सरकवताना बाकी सगळे बसलेलेच असतात आणि हात उगाच जड होतो. निघताना ‘ओसाकी नी शित्सुरेई शिमासु’ म्हणायचं, म्हणजे ‘तुमच्या आधी निघतोय, माफ करा’. सुरुवातीला मी ते इतकं पुटपुटायचो की कुणाला ऐकूच जायचं नाही.

खरी कसोटी आठवड्याच्या ‘झेमी’ची, म्हणजे लॅबच्या चर्चासत्राची. पेपर इंग्रजीत, चर्चा जपानीत! मशीन वापरायला सेनपाईच (वरच्या वर्षाचा विद्यार्थी) शिकवतो, सेन्सेई (प्राध्यापक) नव्हे, तेव्हा त्याच्याशी जमवून घ्या. सुट्टीवरून परतताना सगळ्यांसाठी खाऊ न्यायचा असतो. माझी बाकरवडी दुपारपर्यंत संपली.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्तीत मास्टर्सला महिना १,४४,००० येन मिळतात, फीही भरावी लागत नाही. वसतिगृह मिळालं तर आरामात भागतं, टोकियोत खासगी खोली घेतली तर हात आखडावा लागतो. जपानी मात्र इथूनच निदान एन-४ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) पर्यंत करून जा.